संगणक बंद कसा करावा ?

कोणतेंहि नवें यंत्र घरांत किंवा शाळेंत आलें म्हणजे तें चालू कसें करावें हें शिकण्याची सर्वांस घाई असते. तें बंद कसें करावें असा प्रश्न विचारणारा क्वचितच भेटतो. संगणकाच्या बाबतींत ही उपेक्षा विशेषच दृष्टीस पडते. तास संपल्याची घंटा झाली कीं मुलें दप्तरें उचलतात, कोणी तरी भिंतीवरील मेन स्विच खालीं ओढतो, आणि खोलींतील सारीं यंत्रें एकदम अंधारांत जातात. घरीं हेंच काम पालक करतात. बाहेर पडतांना ज्या हातानें पंखा व दिवा मालवावा त्याच हातानें संगणकाचेंहि बटण दाबून टाकतात. प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, ही रीत घातक आहे. संगणकाच्या शिक्षणांत तो आवरण्याचा धडा पहिला असावा, आणि शाळेच्या खर्चाच्या अंदाजांत नव्या यंत्राच्याहि आधीं, असलेलीं यंत्रें आवरण्यास लागणाऱ्या चार-पांच मिनिटांच्या विजेची तरतूद व्हावी. असें म्हणण्यास आपल्या हिंगोली जिल्ह्यांत जितकें कारण आहे तितकें मुंबई-पुण्याकडे कदाचित् नसेल.

पिठाची गिरणी चालविणारा मनुष्य यंत्रशास्त्र शिकलेला नसतो, परंतु तो भरल्या पोटीं गिरणी कधींहि थांबवीत नाहीं. वरच्या पेटींतील दाणा सरूं देतो, दगडांमधील पीठ बाहेर पडूं देतो, आणि मग मोटर बंद करतो; कारण दाणा मध्यें अडकून राहिला तर दुसऱ्या दिवशीं मोटर उचल घेत नाहीं, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. संगणकाच्या पोटांतहि असाच अर्धवट दळलेला दाणा असतो. मात्र तो डोळ्यांस दिसत नाहीं, त्याचा आवाज होत नाहीं, आणि तो वायां गेला हें पुष्कळदां दोन-चार दिवसांनीं कळतें.

मी येथें मुख्यत: यूनिक्स कुळांतील संगणकांविषयीं लिहीत आहें. यूनिक्स ही प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं आरंभिली. तिच्याच रीतीनें चालणारी, परंतु स्वतंत्रपणें लिहिलेली लिनक्स ही प्रणाली १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें जगापुढें ठेविली. ती विनामूल्य मिळते, तिची घडण कोणासहि उघडून पाहतां येते, व जुन्या, मंद झालेल्या यंत्रांवरहि ती बरी चालते; यास्तव गरीब शाळांस ती सोयीची आहे. केरळांतील सरकारी शाळांत कित्येक वर्षें तिच्यावरच शिक्षण चालतें, आणि आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेनें तिच्याच पायावर 'बॉस' नांवाची, मराठीसह अनेक भारतीय भाषा जाणणारी प्रणाली तयार केलेली आहे. पालकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यांतहि लिनक्सच आहे. तेव्हां हा विषय आपल्या कामाचा नाहीं, असें म्हणण्याची सोय फारशी कोणास राहिलेली नाहीं. ज्यांच्या यंत्रांत विंडोज आहे त्यांनींहि पुढील मजकूर वाचण्यास हरकत नाहीं. तेथें आज्ञा वेगळ्या, पण धोका तोच.

तो धोका कसा उद्भवतो हें समजण्यासाठीं वसमतच्या बाजारांत हळदीची आवक जोरांत असते त्या दिवसांत एखाद्या अडत्याच्या दुकानीं जाऊन बसावें. मापाड्यानें पुकारलेला प्रत्येक आंकडा मुनीम तत्काळ खतावणींत चढवीत नाहीं. तो हाताशीं असलेल्या चिठोऱ्यावर टिपून ठेवतो, आणि गर्दी ओसरली म्हणजे एकेक नोंद वहींत उतरवितो. प्रत्येक पोत्यामागें जाड वही उघडावयाची, पान शोधावयाचें, लिहावयाचें आणि वही मिटावयाची असें म्हटलें तर दिवस मावळेपर्यंत निम्मी हळदहि मोजून होणार नाहीं. संगणकांत मेमरी म्हणजे हें चिठोरें व डिस्क म्हणजे ती वही. मेमरी चपळ आहे, परंतु ती विजेवर जगते. वीज गेली कीं चिठोरें कोरें. डिस्क तिच्या मानानें मंद आहे, परंतु लिहिलेलें राखून ठेवते. म्हणून लिनक्स नवा मजकूर प्रथम मेमरींत घेतें, आणि डिस्कवर सवडीनें उतरवितें. सामान्यत: दर पांच सेकंदांनीं त्याचा एक अदृश्य कारकून जागा होतो, व तीस सेकंदांहून जुनें झालेलें टिपण दिसलें कीं वहींत चढवितो.

याचा अर्थ नीट लक्षांत घ्यावा. विद्यार्थ्यानें निबंध लिहून तो जतन करण्याची आज्ञा दिली, आणि पडद्यावर 'जतन झालें' असें दिसलें, तरी पुष्कळदां तो निबंध अद्याप चिठोऱ्यावरच असतो. त्याच क्षणीं मेन स्विच ओढला तर तो गेला. त्याहून वाईट प्रकार म्हणजे कारकून वहींत लिहीत असतांनाच दिवा जाणें. अनुक्रमणिकेंत नांव चढलेलें असावें आणि पान मात्र कोरें राहावें, असें मग घडतें. दुसऱ्या दिवशीं फाइलीचें नांव जेथल्या तेथें दिसतें, ती उघडतेहि, आणि आंत एक अक्षर नसतें. दुपारभर बसून वर्गाचीं गुणपत्रकें भरणाऱ्या लेखनिकानें, किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडावयाचे कागद तयार करून ठेवणाऱ्या मुलीनें अशी रिकामी फाइल पाहिली म्हणजे ती यंत्रास दोष देते. आणि यंत्र तर बिचारें तीस सेकंदांची सवड मागत होतें!

डिस्कवर उतरवून घेण्याच्या आज्ञेस यूनिक्समध्यें पूर्वींपासून 'सिंक' म्हणतात. जुन्या काळीं ही आज्ञा काम पुरें होण्याची वाट पाहत नसे. कारकुनास 'उतरवून घे' एवढें सांगून ती परत येई. म्हणून अनुभवी मंडळी नवशिक्यास सांगत, कीं यंत्र थांबविण्यापूर्वीं 'सिंक' ही आज्ञा तीन वेळां, निरनिराळ्या तीन ओळींवर टंकित कर. तीन या संख्येंत कांहीं जादू नव्हती. दुसरी व तिसरी ओळ टंकित करण्यांत जे क्षण जात तेवढ्यांत डिस्कचें लिहिणें उरकत असे. पुढें कारण विसरलें गेलें, आणि लोक एकाच ओळींत तीनदां 'सिंक' लिहूं लागले. विधि राहिला, अर्थ गेला. आजच्या लिनक्समध्यें ही आज्ञा लिहिणें पुरें होईपर्यंत थांबून राहते, तेव्हां तिचा जप करण्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं. तरी कांहीं जुने लोक ती तीनदां लिहितात. मला त्यांचें हंसूं येत नाहीं. यंत्र बंद करण्यापूर्वीं थांबावें लागतें एवढें तरी त्यांच्या बोटांस ठाऊक आहे.

आतां रीतसर बंद करणें म्हणजे काय तें पाहूं. यासाठीं 'शटडाउन' ही आज्ञा आहे. ती इंग्रजी अक्षरांत टंकित करावी, किंवा पडद्यावरील यादींतून निवडावी, फळ एकच. यूनिक्स ही मुळांत अनेकांनीं एकाच वेळीं वापरावयाची प्रणाली. एक मोठें यंत्र आणि त्यास जोडलेले पुष्कळ टंकफलक, असा तो काळ होता. तेव्हां एकानें यंत्र बंद करणें म्हणजे दहाजणांचें काम बुडविणें होय. म्हणून बंद करण्याचा अधिकार 'रूट' या मुख्य अधिकाऱ्याकडे ठेविला गेला, आणि बंद होण्यापूर्वीं सर्वांस सूचना देण्याचा प्रघात पडला. आजहि 'शटडाउन +५' अशी आज्ञा दिली तर पांच मिनिटांनीं यंत्र बंद होणार असल्याची वार्ता आंत बसलेल्यांच्या पडद्यांवर उमटते, नव्यानें येणाऱ्यास दार बंद होतें, आणि विचार बदलला तर 'शटडाउन -सी' लिहून तें सर्व रद्दहि करतां येतें. घंटा होतांच मेन स्विच ओढणाऱ्यानें ही सभ्यता एकदां पाहून घ्यावी.

वेळ भरली म्हणजे प्रत्येक चालू आज्ञावलीस १५ क्रमांकाचा इशारा जातो. ही विनंती असते: हातांतील काम आवरा, वह्या मिटा, आणि आपण होऊन निघा. समंजस आज्ञावल्या त्याप्रमाणें करतात. जी ऐकत नाहीं, किंवा जिचें आवरणें लांबतें, तिच्यासाठीं ठराविक काळ थांबून मग ९ क्रमांकाचा इशारा दिला जातो. तो टाळण्याचें वा त्यास उत्तर देण्याचें स्वातंत्र्य कोणत्याहि आज्ञावलीस नाहीं, ती जागच्या जागीं संपते. आजच्या बहुतेक लिनक्समध्यें हा कारभार 'सिस्टिमडी' ही आज्ञावली पाहते, आणि ती एकेका सेवेसाठीं साधारणपणें नव्वद सेकंद वाट पाहते. जी सेवा दुसरीच्या आधारावर सुरू झाली ती आधीं थांबविली जाते, आधार देणारी मागाहून. चढतांना जो क्रम तो उतरतांना उलटा. शेवटीं मेमरींतील राहिलेलें सर्व डिस्कवर उतरतें, डिस्क यंत्रापासून रीतीप्रमाणें सोडविली जाते, आणि मगच विजेचा प्रवाह यंत्र स्वत: तोडतें. या सर्वांस बहुधा दहा-वीस सेकंद पुरतात. क्वचित् पडद्यावर एखादें काम थांबविणें चालू असल्याची इंग्रजी ओळ व पुढें सेकंद मोजणारा आंकडा दिसूं लागतो. नेमक्या याच ठिकाणीं अधीर विद्यार्थी तार उपटतो. त्याच्या समजुतीनें यंत्र अडकलेलें असतें. वस्तुत: कोणाची तरी वही अजून मिटावयाची असते.

कोणी म्हणतील, हा झाला जुना काळ. हल्लींचीं यंत्रें आपलीं आपण सावरतात. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. लिनक्सच्या जुन्या 'एक्स्ट टू' या मांडणींत अकस्मात् वीज गेली तर पुढील वेळीं संपूर्ण डिस्क तपासावी लागे, आणि डिस्क मोठी असली तर त्यांत फार वेळ मोडे. २००१ सालीं लिनक्समध्यें आलेल्या 'एक्स्ट थ्री' नें, व २००८ सालीं आलेल्या 'एक्स्ट फोर' नें, रोजकीर्दीची रीत स्वीकारली. खतावणीस हात लावण्यापूर्वीं काय करणार तें रोजकीर्दींत मांडून ठेवावयाचें. मध्येंच वीज गेली तर पुढच्या वेळीं रोजकीर्द वाचून अर्धवट राहिलेला व्यवहार पुरा करावयाचा किंवा सोडून द्यावयाचा. यामुळें तपासणीचे तास वांचले, हें खरें. परंतु या रोजकीर्दींत सामान्यत: काय लिहिलें जातें ? फाइलीचें नांव काय, ती केवढी, तिला कोणतें पान दिलें, एवढेंच. फाइलींतील मजकूर तींत नसतो. म्हणजे वहीचीं पानें जागच्या जागीं राहतील, अनुक्रमणिका शाबूत राहील, आणि ज्या निबंधासाठीं वही उघडली तो निबंध मात्र नसेल. डिस्क वांचली म्हणजे आपलें कामहि वांचलें, अशी समजूत करून घेणाऱ्या शिक्षकांसहि मीं पाहिलें आहे.

छोट्या यंत्रांची गोष्ट याहून नाजूक. प्रयोगांसाठीं वापरल्या जाणाऱ्या 'रास्पबेरी पाय' या तळहाताएवढ्या संगणकाच्या जुन्या नमुन्यांस बंद करण्याचें बटणच नसे (२०२३ सालच्या पांचव्या नमुन्यांत तें आलें), आणि त्याची सारी वही म्हणजे नखाएवढें मेमरी-कार्ड. लिहिणें चालू असतां तार काढली तर अशा कार्डाचा घोटाळा लवकर होतो. आज्ञा देऊन, हिरव्या दिव्याचें लुकलुकणें थांबेपर्यंत वाट पाहून मग तार काढावी, एवढा नियम मुलांनीं पाळला तरी पुष्कळ झालें.

यंत्र खरोखरच अडकलें तर काय करावें, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, बटण एकदां हलकेंच दाबणें आणि तें चार-पांच सेकंद दाबून धरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली विनंती आहे. तिच्यानें यंत्र विचारणा करतें, किंवा रीतसर आवरूं लागतें (कांहीं यंत्रें नुसतीं झोंपीं जातात). दुसरीनें प्रवाहच तुटतो, व तो अगदीं शेवटचा उपाय होय. या दोहोंच्या मध्यें लिनक्समध्यें आणखी एक वाट आहे. पडदा गोठलेला असला तरी प्रणालीचा गाभा पुष्कळदां जागा असतो. 'ऑल्ट' व 'सिस-रिक्वेस्ट' या कळा धरून ठेवून आर, ई, आय, एस, यू, बी हीं इंग्रजी अक्षरें सावकाश, मध्यें दोन-चार सेकंद जाऊं देऊन दाबलीं, तर गाभा कळफलक आपल्या हातीं घेतो, सर्वांस १५ चा व मग ९ चा इशारा देतो, मेमरी डिस्कवर उतरवितो, डिस्क केवळ वाचनापुरती उघडी ठेवितो, आणि यंत्र पुन्हां सुरू करतो. शेवटच्या 'बी' ऐवजीं 'ओ' दाबलें तर यंत्र बंद होतें. कांहीं प्रकारच्या लिनक्समध्यें ही सोय आधींच आंवळून ठेवलेली असते. ती कितपत खुली आहे हें शाळेच्या यंत्रांवर शिक्षकांनीं अगोदर पाहून ठेवावें, अडचणीच्या वेळीं नव्हे.

परंतु या सर्व शिकवणीस आपल्या जिल्ह्यांत एक उत्तर ठरलेलें आहे: 'वीजच जाते, तेथें आम्ही काय आवरणार ?' हें उत्तर हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज एकाएकीं गेली, आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि तो दिवस मुंबईकरांच्या लक्षांत राहिला. आपल्याकडे अशी सकाळ कोणाच्या लक्षांत राहण्यासारखी नसते. २००५ सालानंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रानें रोज कित्येक तासांचें भारनियमन सोसलें आहे. तें पुढें पुष्कळ कमी झालें, तरी वळवाच्या पावसांत तारा तुटणें, रोहित्र जळणें, दाब एकदम पडणें या गोष्टी राहिल्याच. शेतकऱ्याची मोटर वीज आली कीं पुन्हां पाणी ओढूं लागते. तिला मध्यें काय चाललें होतें याची आठवण ठेवावी लागत नाहीं. संगणकास ठेवावी लागते. म्हणून मोटरीस जी सवय चालते ती त्यास चालत नाहीं.

यावर उपाय म्हणून यूपीएस घेतात. पण ती कशासाठीं आहे याविषयींच मोठा गैरसमज आहे. वीज गेली कीं यूपीएस टीं टीं करूं लागते, आणि मुलें अधिक जोरानें काम करूं लागतात. जणूं बॅटरी संपण्यापूर्वीं शर्यत जिंकावयाची आहे! लहान यूपीएस एका संगणकास दहा-पंधरा मिनिटें पुरते, जुनी झाली कीं याहून पुष्कळ कमी. शेवटच्या मिनिटापर्यंत काम ओढलें तर अखेर तोच अंधार, तीच कोरी फाइल. यूपीएस नसती तर जें दहा मिनिटें आधीं झालें असतें तें आतां झालें, इतकाच फरक. माझ्या मतें यूपीएस काम चालू ठेवण्यासाठीं नाहींच, ती काम आवरण्यासाठीं आहे. पहिल्या टीं टीं बरोबर जतन करावें, दोन मिनिटें वाट पाहावी, वीज न आल्यास बंद करावें. घरांतील दिव्या-पंख्यांसाठीं बसविलेल्या इन्व्हर्टरवर संगणक लावणाऱ्यांनीं तर अधिकच जपावें. प्रवाह बदलतांना कांहीं इन्व्हर्टर इतका वेळ घेतात कीं पंख्यास तें कळतहि नाहीं, आणि संगणक मात्र विझून पुन्हां सुरू होतो.

माणूस खोलींत नसला तरी हें घडवून आणतां येतें. पुष्कळ यूपीएसच्या डब्यांत एक बारीक तार दिलेली असते. तिचें एक टोंक यूपीएसमध्यें व दुसरें संगणकांत घालावयाचें असतें. लिनक्सवर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' नांवाची विनामूल्य आज्ञावली आहे. ती या तारेवरून बॅटरीची स्थिति सतत विचारीत राहते, आणि बॅटरी सरत आली कीं कोणीहि न सांगतां 'शटडाउन' चा सारा विधि आरंभ करते. शाळेच्या ज्या एका यंत्रांत सर्व वर्गांच्या फाइली असतात त्यास तरी ही जोडणी असलीच पाहिजे. अनुभव असा कीं, यूपीएस विकत घेतली जाते आणि ती तार डब्यासकट माळ्यावर जाते.

दुसरी हेळसांड बॅटरीची. यूपीएसमधील शिशाची बॅटरी साधारण तीन ते पांच वर्षें टिकते, आणि तें आयुष्य पंचवीस अंशांच्या आसपासच्या हवेंत मोजलेलें असतें. उष्णता आठ-दहा अंशांनीं वाढली कीं तें जवळजवळ निम्म्यावर येतें. मराठवाड्याच्या वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं बंद खोलींत ठेवलेल्या बॅटरीचें काय होत असेल, हें सांगावयास नको. ती वरून जशीच्या तशी दिसते, हिरवा दिवाहि लागतो, आणि वीज गेली कीं अर्ध्या मिनिटांत मान टाकते.

याच्या उलट टोंकाचे लोकहि आहेत. आमचें यंत्र वर्षानुवर्षें एकदांहि बंद केलेलें नाहीं, अशी कांहीं जाणत्यांस प्रौढी वाटते. यंत्र तेवढें सशक्त असतें हें खरें. परंतु गाभ्यांतील दोष दुरुस्त करणारे बहुतेक बदल पुन्हां सुरू केल्यावांचून लागू होत नाहींत, आणि जें यंत्र तीन वर्षें थांबलें नाहीं तें थांबविल्यावर नीट सुरू होईल कीं नाहीं, हें सांगण्याची छाती कोणाचीहि होत नाहीं. ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या वेळीं, सर्वांस सांगून यंत्र बंद करून पाहावें, हें त्या प्रौढीपेक्षां बरें.

आपल्या जिल्ह्याच्या संबंधानें आणखी एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. हिंगोली हा परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झालेला लहान जिल्हा. येथें मोठे कारखाने नाहींत, रहदारी बेताची, जमिनीची थरथर कमी. एरवीं ज्यास मागासलेपण म्हणतात त्याच शांततेचें मोल शास्त्रज्ञांस वाटलें, आणि औंढा नागनाथनजीक लिगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचें ठरलें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील ज्या दोन वेधशाळांनीं गुरुत्वलहरी प्रथम टिपल्या त्यांच्याच धर्तीची ही वेधशाळा होय. भारत सरकारनें फेब्रुवारी २०१६ मध्यें तिला तत्त्वत: संमति दिली, आणि एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. पुण्याची आयुका ही तींतील एक प्रमुख संस्था आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनांत, त्यांतून धांवणारा लेसरचा किरण, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा फरक ओळखण्याची उमेद, असें तें काम आहे.

अमेरिकेंतील या वेधशाळांचें नियंत्रण लिनक्सवर चालतें. तेथील एका वेधशाळेच्या नळ्यांतून दहा हजार घनमीटर हवा काढून टाकण्यास चाळीस दिवस लागले होते. अशा ठिकाणीं कोणी घंटा झाली म्हणून मेन स्विच ओढीत नाहीं. प्रत्येक भाग कोणत्या क्रमानें थांबवावयाचा हें लिहिलेलें असतें, आणि थांबविणारा तें वाचून करतो. औंढ्याची वेधशाळा उभी राहील तेव्हां तिला केवळ शास्त्रज्ञ नव्हे, तर यंत्रें सांभाळणारे तंत्रज्ञ, वीजतंत्री, संगणकांची देखरेख करणारे असे पुष्कळ लोक लागतील. ते सारे दूरदेशाहून यावे, असें कोठें ठरलेलें नाहीं. आज आठवी-नववींत असलेल्या कळमनुरी-सेनगांवच्या मुलांमुलींच्या वयाचा आणि त्या कामाचा मेळ बसण्यासारखा आहे. परंतु ज्यास शाळेंत सात वर्षें यंत्र उपटून बंद करण्याचीच संवय लागली त्याचा हात तेथें एकाएकीं बदलेल, असें मला वाटत नाहीं.

यासाठीं फार खर्च नको. संगणकाच्या तासाचीं शेवटचीं पांच मिनिटें घंटेपूर्वीं आवरण्यासाठींच राखावीं; त्या पांच मिनिटांत शिकविणें बंद. मेन स्विचला हात लावण्याचें काम वर्गांतील एकाच विद्यार्थ्याकडे आठवड्याच्या पाळीनें द्यावें, आणि त्यानें सर्व यंत्रांचे दिवे विझल्याची खात्री करूनच तो खालीं ओढावा. प्रत्येक यूपीएसवर बॅटरी कोणत्या महिन्यांत घातली तें खडूनें नव्हे, रंगानें लिहावें, व उन्हाळ्याच्या सुटीनंतर तार काढून ती किती मिनिटें टिकते हें घड्याळ लावून पाहावें. अर्थात् यंत्रावर कोणाचें काम चालू नसतांना. माळ्यावरील डबे खालीं काढून त्या बारीक तारा शोधाव्या. आणि पुढील वर्षीं खरेदीच्या यादींत जेथें दहा संगणक लिहिले असतील तेथें नऊ लिहून, उरलेल्या रकमेंत जुन्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घ्याव्या, अशी व्यवस्थापक मंडळींस सूचना आहे. दहाव्या संगणकासाठीं जीं मुलें खोळंबतील त्यांस पाळी लावून देतां येईल.